'रिगवर असतो' म्हणजे नेमके काय करतो?

आमच्या भागात रिश्त्याची बोलणी निघाली की 'मुलगा काय करतो?' या प्रश्नाला ठरलेली उत्तरे असतात. 'जहाजावर असतो', 'कुवेतला असतो', 'सौदीला असतो', आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत त्यात भर पडलेले 'रिगवर असतो'. एवढे ऐकले की मुलीकडची मंडळी पगार विचारतात, सुट्टी किती दिवसांनी मिळते ते विचारतात, घर स्वतःचे आहे का ते विचारतात. तो तिथे हाताने काय काम करतो, हे विचारलेले मी तरी कधी ऐकलेले नाही. लग्नानंतर दहा वर्षे झालेल्या बायकांनाही ते सांगता येत नाही. 'मशीनवर असतात', एवढेच उत्तर मिळते.

मी शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते. तेलाच्या विहिरींशी माझा संबंध एवढाच की माझ्या वर्गातून दहावी होऊन गेलेली दहा-बारा मुले आज रिगवर आहेत. कुणी मुंबई हायला, कुणी अबुधाबीच्या समुद्रात, कुणी सौदीच्या वाळवंटात. सुट्टीवर आली की शाळेत डोकावतात. त्यांना विचारून विचारून आणि थोडे वाचून जे समजले ते इथे मांडते आहे. रिगवरची आग, स्फोट, वादळ यांची बातमी होते. पण तिथे दिवसाआड जे चेंगरते, चिरडते, सोलवटते ते म्हणजे हात आणि बोटे. विहिरी खोदणाऱ्या कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना, जिला आयएडीसी म्हणतात, ती अपघातांची आकडेवारी गोळा करते. इजा झालेल्या अवयवांत हाता-बोटांचा नंबर वर्षानुवर्षे सर्वांत वरचा राहिला आहे.

रिग समजून घ्यायची तर आपल्याच अंगणात येणाऱ्या बोअरवेलच्या गाडीपासून सुरुवात करू. उन्हाळ्यात ही गाडी येते, आडवा पडलेला मनोरा उभा करते, आणि लोखंडी दांडा गरगर फिरत जमिनीत जाऊ लागतो. एक दांडा संपला की त्यावर दुसरा चढवतात, आटे आवळतात, पुन्हा फिरवतात. दोन पोरे चिखलाने माखून त्या दांड्यांशी झटत असतात. तेलाची रिग म्हणजे हेच काम, फक्त प्रत्येक गोष्ट शंभरपट मोठी आणि जड. १९७४ च्या फेब्रुवारीत जपानमध्ये बांधलेल्या 'सागर सम्राट' या रिगने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत, भर समुद्रात, पहिली विहीर खोदली आणि मुंबई हायचे तेल सापडले. तेव्हापासून कोकणच्या मुलांना आखाताला न जाताही रिग माहीत झाली. समुद्रातली ही रिग लांब लोखंडी पायांवर पाण्याबाहेर उभी असते, वर हेलिकॉप्टर उतरते, आत खोल्या, खानावळ, दवाखाना. बारा तासांची पाळी. आपल्याकडे समुद्रात साधारण चौदा दिवस काम आणि चौदा दिवस घरी असा रिवाज आहे. आखातात तो कंपनीप्रमाणे बदलतो.

या सगळ्या पसाऱ्यात हातांच्या दृष्टीने महत्त्वाची जागा एकच, ती म्हणजे ड्रिल फ्लोअर. मनोऱ्याच्या पायथ्याशी असलेली ही लोखंडी जमीन, तिच्या मधोमध भोक, आणि त्या भोकातून पाइपांची माळ खाली विहिरीत गेलेली. इथे काम करणाऱ्यांना फ्लोअरमन म्हणतात, जुन्या बोलीत रफनेक. एक पाइप साधारण ३१ फुटांचा, म्हणजे साडेनऊ मीटरचा. पाच इंची पाइपचे वजन पावणेतीनशे ते तीनशे किलोच्या घरात. असे तीन पाइप जोडलेलेच मनोऱ्यात उभे करून ठेवतात, त्याला स्टँड म्हणतात. समजा विहीर तीन हजार मीटर खोल गेली आणि तळाशी खडक फोडणारा बिट झिजला. तो बदलायला सगळी माळ बाहेर काढावी लागते. म्हणजे शंभराहून जास्त स्टँड, एकेक सांधा सोडवायचा, पाइप बाजूला उभा करायचा. नवा बिट लावला की तितकेच सांधे पुन्हा आवळत खाली जायचे. याला तिथली माणसे 'ट्रिप' म्हणतात. दोनशेहून जास्त वेळा तीच क्रिया, आणि पूर्वी दर वेळी दोन-तीन माणसांची बोटे लोखंडापासून वीतभर अंतरावर.

ती क्रिया मी एका मुलाकडून फळ्यावर काढून घेतली. वर्गात कधी वहीसुद्धा नीट न लिहिणारा हा मुलगा अर्धा तास खडू घेऊन समजावत होता. पाइप उचलला की खाली राहिलेली माळ विहिरीत पडू नये म्हणून भोकात पाइपभोवती पाचरी बसवतात. त्यांचे नाव स्लिप्स. सुताराची पाचर तीच, पण दांडे असलेली आणि इतकी जड की दोघे-तिघे मिळून उचलतात. पाचर बसताना दांडा आणि पाइप यांच्या मध्ये बोट राहिले की संपले. वरून एक मोठी पकड येते, एलिव्हेटर. आपण लिफ्ट म्हणतो ती नव्हे. ती दरवाजासारखी उघडते, पाइपच्या मानेभोवती मिटते आणि त्याला वर खेचते. मिटताना कडीजवळ किंवा बिजागरीजवळ हात असेल तर पकड बोट आणि पाइप यांत फरक करत नाही. मग येतात टाँग, म्हणजे तारेने टांगलेले चार-पाच फुटी पाने. एक पाना खालचा पाइप धरून ठेवतो, दुसरा वरचा फिरवतो. तो फिरवायला माणसाचे बळ पुरत नाही, म्हणून त्याच्या टोकाची तार यंत्राने ओढतात. तार ताणली की पाना झटक्यात फिरतो. त्या क्षणी फ्लोअरमनचा हात पान्याच्या नेमून दिलेल्या मुठीवरच हवा, जबड्यावर नको.

यांत सर्वांत बदनाम झाली ती साखळी. जुन्या रिगवर पाइप भराभर फिरवून आटे बसवायला खालच्या पाइपवर साखळीचे वेढे घालत आणि ते हाताच्या एका झटक्याने वरच्या पाइपवर उडवत. ड्रिलर साखळीचे दुसरे टोक यंत्राने ओढी, आणि पाइप भोवऱ्यासारखा फिरे. ज्याला ही साखळी उडवता येई त्याचा मोठा रुबाब असे. वेढ्यात बोट गेले की सोडवायला वेळच नसे. पुढे अनेक कंपन्यांनी ही साखळी बंदच केली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण बाकीचे सगळे तिच्यावरच उभे आहे. आपल्या घरातली म्हातारी माणसे अडकित्त्याने सुपारी कातरतात. चुकून बोट कापत नाही, कारण पाती डोळ्यांसमोर असतात आणि मूठ आपल्याच हातात असते. रिगवर अडकित्त्याची मूठ दुसऱ्याच्या हातात असते. ब्रेक आणि लिव्हर ड्रिलरकडे, बोटे फ्लोअरमनची. ड्रिलरला वाटते खालच्याने हात काढला. खालच्याला वाटते वरचा अजून थांबलेला आहे. मध्ये इंजिनांचा आवाज इतका की ओरडलेले ऐकू येत नाही, म्हणून खुणा हातांनीच करायच्या. ज्या हाताने 'थांब' म्हणायचे तोच हात पाइपवर गुंतलेला असतो.

यंत्रे सुधारली हे खरे. १९७० च्या दशकात 'आयर्न रफनेक' नावाचे यंत्र आले. रुळांवरून सरकत येते, पाइप धरते, फिरवते, आवळते आणि मागे जाते. टाँग आणि साखळी दोन्हींचे काम ते एकटे करते. १९८० च्या दशकात टॉप ड्राइव्ह आले, ज्यात पाइप वरूनच फिरवला जातो आणि एकदम तीन पाइपांचा स्टँड जोडून खोदता येते, त्यामुळे सांध्यांची संख्या घटते. नव्या मोठ्या रिगवर ड्रिलर काचेच्या केबिनमध्ये खुर्चीत बसून कळा दाबतो आणि फ्लोअरवर माणूस दिसतही नाही. पण सगळ्या रिग नव्या नसतात. जमिनीवर काम करणाऱ्या लहान आणि जुन्या रिगवर आजही टाँग लटकताना दिसतात. नव्या रिगवरही यंत्र अडले की ते सोडवायला हातच आत जातो. माझा एक विद्यार्थी म्हणाला, 'मॅडम, मशीन चालू असताना सगळे लांब उभे असतात. मशीन बंद पडले की सगळे जवळ जातात. खरी भीती तेव्हाची.'

बंद पडलेले यंत्र खरोखर बंद आहे का, हा प्रश्न त्यासाठीच. बटण दाबून थांबवलेल्या यंत्राच्या नळ्यांत तेलाचा किंवा हवेचा दाब शिल्लक असतो. वजन वर टांगलेले असते. दूरच्या खोलीत बसलेल्या कुणाला तरी दुरुस्ती चालू आहे हे माहीत नसते आणि तो कळ दाबतो. यासाठी नियम असा की दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी यंत्राचा पुरवठा तोडायचा, त्या जागी कुलूप लावायचे, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची आणि नावाची चिठ्ठी अडकवायची. चार माणसे काम करत असतील तर चार कुलपे. शेवटच्या माणसाने आपले कुलूप काढल्याशिवाय यंत्र चालूच होऊ शकत नाही. मला ही पद्धत फार आवडली. यात कुणाच्या लक्षात राहण्यावर काही सोडलेले नाही.

दाबाचा विषय निघाला म्हणून एक धोका मध्येच सांगून टाकते. हायड्रॉलिक नळीला सुईच्या अग्राएवढे भोक पडले आणि तिथून गळती कुठे आहे ते बघायला कुणी बोट फिरवले, तर तेल कातडीतून आत घुसते. वर फक्त टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, फारसे दुखतही नाही. पण आत तेल पसरत जाते आणि काही तासांत बोट, कधी हात गमवायची वेळ येते. असा ठिपका म्हणजे ताबडतोब शस्त्रक्रिया, हे घरातल्या मेकॅनिक मुलालाही सांगून ठेवण्यासारखे आहे. गॅरेजमध्येही हाच दाब असतो.

मग एवढे नियम असताना बोटे जातात कशी? मुलांना विचारले की पहिले उत्तर 'नशीब' असे येते. थोडे बसू दिले, चहा दिला, की दुसरी उत्तरे येतात. रिगचे भाडे दिवसावर असते आणि ते प्रचंड असते, म्हणून थांबणे कुणालाच परवडत नाही असे सगळ्यांच्या मनात बसलेले असते. पाळीचे शेवटचे दोन तास अंग ओढत असते. रमजानमध्ये रात्रपाळी असेल तर झोपेचे गणित आणखी बिघडते. फ्लोअरवर फिलिपिनो, इजिप्शियन, पाकिस्तानी, केरळी आणि आपले कोकणी एकत्र; इंग्रजीत सूचना दिली तर 'येस' सगळेच म्हणतात, समजते किती जणांना कुणास ठाऊक. शिवाय नवखा मुलगा. त्याला भीती असते की आपण विचारले तर हसतील, थांबवले तर कंत्राट संपल्यावर परत बोलावणार नाहीत. बहुतेक रिगवर आता नवख्याला वेगळ्या रंगाचे हेल्मेट देतात आणि जुन्या माणसाच्या जोडीला लावतात, ते यासाठीच. 'काम धोक्याचे वाटले तर कुणीही थांबवू शकतो' हा अधिकारही कागदावर प्रत्येकाला दिलेला असतो. मी विचारले, 'तुमच्यापैकी किती जणांनी वापरला?' चौघांत एकाने हात वर केला. त्याने काम थांबवले तेव्हा ड्रिलर चिडला होता, पण टूलपुशरने सगळ्यांसमोर त्याच्या पाठीवर थाप मारली होती. तो टूलपुशर नसता तर काय झाले असते, हे तोही सांगू शकला नाही.

या चौघांत एकाच्या डाव्या हाताची अनामिका मधल्या पेरापर्यंतच आहे. मिठाईचा डबा पुढे करताना माझ्या ते लक्षात आले. पाइप टांगून आणताना तो हाताने ढकलून जागेवर नेत होता. पाइप झुलला आणि बाजूच्या खांबावर टेकला, मध्ये बोट. 'जोर लागला पण नाही, मॅडम,' तो म्हणाला. 'पाइप फक्त टेकला.' तीनशे किलो टेकले म्हणजे काय होते ते त्याचे बोट सांगत होते. म्हणून आता टांगलेल्या वजनाला हात लावायचाच नाही असा दंडक आहे. लांब दांड्याने ढकलायचे किंवा त्याला बांधलेल्या दोरीने ओढायचे. सवय अशी की दांडा चार पावलांवर भिंतीला टेकवून ठेवलेला असतो आणि हात मात्र अंगालाच लागलेला असतो.

आता घरातल्या बायकांनी ऐकावे असे काही. अंगठी. आपल्याकडे पुरुष सोने घालत नाहीत, पण चांदीची अंगठी, तीत अकीक किंवा फिरोजा, ही फार घरांत असते. वालिदांनी दिलेली, हजहून आणलेली, निकाहात मिळालेली. फ्लोअरवर ती अंगठी पाइपच्या कडेला, बोल्टला, शिडीच्या दांड्याला अडकली आणि माणूस खाली उतरला किंवा यंत्र पुढे सरकले, तर अंगठी बोटाची कातडी हातमोज्यासारखी उपसून काढते. हाड जागेवर राहते आणि त्यावरचे सगळे जाते. डॉक्टरांना असे बोट वाचवणे कापलेल्या बोटापेक्षाही अवघड जाते. मनगटाचा धागा, गळ्यातला तावीज, घड्याळ, सैल बाह्या यांचेही तेच. कंपनीचा नियम असतोच की दागिना घालून फ्लोअरवर यायचे नाही, पण मुले अंगठी हातमोज्याच्या आत लपवून नेतात, कारण घरून 'काढू नको' म्हणून बजावलेले असते. निदान आपल्या घरून तरी तसे बजावले जाऊ नये. अंगठी कपाटात राहिली तरी ती त्याचीच असते.

हातमोज्यांविषयी एक गैरसमज आहे. मागच्या बाजूला जाड रबराच्या पट्ट्या असलेले जे हातमोजे रिगवर देतात ते खरचटणे, ठोकर, लहान ठेचा यांपासून वाचवतात. पण तीनशे किलोखाली सापडलेल्या बोटाला हातमोजा वाचवू शकत नाही. गरगर फिरणाऱ्या भागाजवळ तर सैल हातमोजा उलट धोक्याचा, कारण तो आधी अडकतो आणि मागून हात आत ओढतो. मापाचा हातमोजा मागून घ्यावा. 'जो मिळाला तो' चालत नाही.

एवढे करूनही बोट तुटलेच तर पहिल्या तासात काय करायचे? हे रिगवरच्या माणसाइतकेच गिरणीत, उसाच्या चरकावर, कडबाकुट्टीवर काम करणाऱ्यालाही लागू आहे. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचे आणि हात छातीच्या वर उचलून ठेवायचा. तुटलेला तुकडा शोधायचा. फेकायचा नाही, कितीही चेंगरलेला दिसला तरी तो डॉक्टरला बघू द्यायचा. स्वच्छ पाण्याने हलकेच धुऊन ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळायचा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. तुकडा थेट बर्फावर ठेवायचा नाही, तो गोठून मरतो. पाण्यात बुडवूनही ठेवायचा नाही. नीट थंड ठेवलेले बोट एक दिवसापर्यंत जोडण्याजोगे राहू शकते. तळहात किंवा मनगटापासून तुटलेल्या भागाला मात्र खूप कमी वेळ मिळतो, कारण त्यात स्नायू असतात.

जोडण्याची ही शस्त्रक्रिया फार जुनी नाही. १९६३ मध्ये शांघायच्या डॉ. चेन झोंगवेई यांनी यंत्रात पूर्ण तुटलेला एका कामगाराचा हात मनगटाच्या वर जोडला. १९६५ मध्ये जपानमधील नारा इथे डॉ. कोमात्सु आणि डॉ. तामाई यांनी पूर्ण तुटलेला अंगठा सूक्ष्मदर्शकाखाली जोडून दाखवला. आज मुंबई-पुण्यात हे काम होते. अंगठा गेलाच तर पायाचे बोट काढून त्या जागी बसवण्याची शस्त्रक्रियाही होते. पण ते प्लास्टिक सर्जरीच्या मोठ्या रुग्णालयात. तालुक्याच्या दवाखान्यात जखम शिवून घेतली की जोडण्याची वेळ निघून जाते, म्हणून आधी फोन करून विचारावे आणि मग थेट तिथेच जावे.

समुद्रात मात्र 'थेट तिथेच' हे एवढे सोपे नसते. जुहूहून हेलिकॉप्टर यायचे, हवा बरी असली तर. या जागी २००५ ची एक घटना सांगायलाच हवी. २६ जुलैच्या महापुराच्या दुसऱ्या दिवशी, २७ जुलैला, मुंबई हायजवळ 'समुद्र सुरक्षा' या जहाजावर स्वयंपाकघरात काम करणाऱ्या एका माणसाच्या दोन बोटांची टोके कापली गेली. पावसाळी हवेमुळे हेलिकॉप्टर मिळत नव्हते. जखमीला क्रेनच्या पाळण्यातून शेजारच्या तेल-प्लॅटफॉर्मवर पोचवायचे ठरले, तिथे दवाखाना होता. त्यासाठी जहाज खवळलेल्या समुद्रात प्लॅटफॉर्मच्या अगदी जवळ आले आणि लाटेच्या उसळीने तेल-वायू वर आणणाऱ्या उभ्या नळांवर आदळले. वायू फुटला, आग लागली, आणि दोन तासांत सगळा प्लॅटफॉर्म जळून कोसळला. २२ माणसे गेली. साडेतीनशेहून जास्त वाचली, ती नौदल, तटरक्षक दल आणि आजूबाजूच्या जहाजांच्या धावपळीमुळे. चौकशीत जहाज कसे चालवले, नळ प्लॅटफॉर्मच्या कोणत्या बाजूला होते, अशा पुष्कळ गोष्टी निघाल्या. भारतात समुद्रातल्या तेलकामासाठी वेगळी सुरक्षा नियमावली २००८ मध्ये लागू झाली. या सगळ्याची सुरुवात दोन बोटांच्या टोकांपासून झाली होती, हे त्या आगीच्या बातम्यांत बहुतेकांच्या नजरेतून सुटले.

आता पैशाचा भाग. तो सांगताना संकोच वाटतो, पण घर पैशावरच चालते. आपल्या देशात १९२३ चा कामगार भरपाई कायदा आहे, जो पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावून घेतला गेला. त्याच्या परिशिष्टात शरीराच्या अवयवांचा दर टक्क्यांत लिहिलेला आहे. अंगठा पूर्ण गेला तर कमाईच्या क्षमतेचे नुकसान ३० टक्के. तर्जनी १४, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. चारही बोटे गेली तर ५०. आता हिशोब बघा. २०२० मध्ये ठरलेल्या मर्यादेप्रमाणे पगार कितीही असला तरी महिना १५,००० रुपयेच धरायचा. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. वय तीस असेल तर त्याला २०७.९८ ने गुणायचे. आकडा येतो १८,७१,८२० रुपये. अंगठ्यासाठी त्याचे ३० टक्के म्हणजे ५,६१,५४६, आणि अनामिकेसाठी ७ टक्के म्हणजे सुमारे १,३१,०२७ रुपये. माझ्या त्या विद्यार्थ्याला पन्नास हजार रोख मिळाले होते, एका कागदावर सही घेऊन. कागदावर काय लिहिले होते ते त्याने वाचले नव्हते. दहावीला त्याला मराठीत ७८ गुण होते.

कायद्यात असे आहे की भरपाईचा हक्क सोडून देणारा करार मुळात ग्राह्यच नाही. दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत करायचा असतो, आणि उपचाराचा खर्च वेगळा मिळतो. हे सगळे मागायला कागद लागतात. अपघाताची रिगवर झालेली नोंद, रिगच्या डॉक्टरची चिठ्ठी, नेमणुकीचे पत्र, तीन-चार महिन्यांच्या पगाराच्या पावत्या. त्यांच्या प्रती मोबाइलमधून घरी पाठवून ठेवल्या तर बरे, कारण मोबाइलही अपघातात फुटतो.

फिकहच्या पुस्तकांतही बोटांची दियत ठरवलेली आहे. तिथे प्रत्येक बोट पूर्ण दियतीचा दहावा हिस्सा आहे, आणि अंगठा व करंगळी यांत फरक केलेला नाही. आमच्या शाळेतल्या एका शिक्षकांशी यावर बरीच चर्चा झाली. त्यांचे म्हणणे, कामाच्या दृष्टीने अंगठा मोठाच, त्यामुळे ३० आणि ७ हेच बरोबर. मला वाटते, कुठला हात कशासाठी लागेल हे दुसऱ्याने ठरवणे कठीण आहे. करंगळी गेलेला माणूस हातोडा घट्ट धरू शकत नाही, हे सुताराला विचारले तर समजेल. मुठीचा बराचसा जोर करंगळीकडूनच येतो.

आखातात असलेल्यांसाठी दोन गोष्टी. सौदीत परदेशी कामगाराचाही कामावरील अपघाताचा विमा गोसी या सरकारी संस्थेकडे असतो आणि त्याचा पगाराच्या दोन टक्के हप्ता मालकाने भरायचा असतो, कामगाराने नव्हे. आपले नाव तिथे नोंदलेले आहे का, हे इकामा हातात आल्यावर लगेच बघावे. दुसरी गोष्ट, आपल्या सरकारची प्रवासी भारतीय विमा योजना. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाखांपर्यंतचे संरक्षण, हप्ता दोन-तीन वर्षांचा काही शे रुपये. ज्यांच्या पासपोर्टवर इमिग्रेशनची तपासणी लागते त्यांना ती सक्तीची आहे. दहावी झालेल्यांना ही तपासणी लागत नाही, म्हणून ती सक्तीही नाही, आणि आमची शिकलेली मुले नेमकी तीतून सुटतात. एजंटला ही योजना आठवण्याचे कारण नसते. आपण आठवण करून द्यावी. अपघातानंतर मालक दाद देत नसेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर घरच्यांनाही इथूनच तक्रार नोंदवता येते.

बोट गेल्यावर घरी आलेल्या माणसाचे काय होते, ते कोणत्याच तक्त्यात नाही. त्या मुलाच्या बायकोने मला सांगितले की पहिले दोन महिने ते लग्नाकार्याला गेलेच नाहीत. गेले तेव्हा हात खिशात. थंडीत नसलेले पेर दुखते, आणि दुखते कुठे म्हणून विचारले तर ते हवेत बोट दाखवतात. तुटलेल्या अवयवाची अशी वेदना खरी असते, डॉक्टर तिच्यावर उपचार करतात, ती मनाची खोड नव्हे. हाताचा व्यायाम करून घेणाऱ्या थेरपिस्टकडे ते गेलेच नव्हते, जखम भरली म्हणजे झाले असे वाटून. बोट ताठ झाले आणि शेजारचे बोटही पुरते वाकेना. जखम शिवल्यावर लवकरच व्यायाम सुरू केला तर उरलेला हात पुष्कळ कामाचा राहतो. त्यासाठी रुग्णालयातून सुटी घेतानाच 'हाताची थेरपी कुठे होईल?' असे विचारून घ्यावे.

आणि एक अगदी लहान वाटणारे. रेशन दुकानात, बँकेत, सिमकार्ड घेताना मशीनवर बोटाचा ठसा मागतात. चेंगरलेल्या बोटाचा ठसा बदललेला असतो आणि मशीन 'जुळत नाही' म्हणते. या मुलाच्या घरी तीन वेळा रेशन परत गेले, आणि दुकानदाराला वाटले नाव खोटे आहे. आधार केंद्रावर जाऊन ठसे नव्याने द्यावे लागतात, गेलेल्या बोटाची नोंद तिथे करता येते, आणि डोळ्यांच्या बुबुळाचे छायाचित्रही चालते. त्याने ते मार्चमध्ये करून घेतले. एप्रिलपासून रेशन व्यवस्थित मिळते आहे, आणि जूनला तो पुन्हा रिगवर गेला. या वेळी फ्लोअरवर नाही, क्रेनला खुणा करणारा म्हणून.